बेळगाव-निपाणीकडून देशाचा किनारा बघायचाय? मग सुरुवात कणकुंबीपासून करा

तुमचा प्रश्न असा आहे की निपाणीहून चौघं मिळून गाडीनं भारताचा सगळा किनारा बघायचा, एकदम जमणार नाही म्हणून सुट्टी मिळेल तसा तुकड्या-तुकड्यानं, आणि सगळेजण सांगतायत गोव्यातनं सुरू करा, कुठले बीच घेऊ त्याची यादी द्या. मी बेळगावात वर्षानुवर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, पोरांना घेऊन किनाऱ्यावर हिंडणं हेच माझं काम होतं आणि अजूनही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यादी मात्र देणार नाही, कारण बीचच्या यादीनं किनारा दिसत नाही, नुसती वाळू दिसते. किनारा बघायचा तर नदी धरा, खाडी धरा. एका खाडीला दोन-तीन दिवस द्या, भरती-ओहोटी दोन्ही बघा, तिथं मासे कोण पकडतंय, मीठ कोण पिकवतंय, भात कोण लावतंय ते बघा, मग पुढची खाडी.

आणि या बाबतीत आपण सीमाभागातली माणसं नशीबवान आहोत बघा. जांबोटीवरून चोर्ल्याला जाताना कणकुंबी लागतं, तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, ती पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेत मिळते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. त्याच कणकुंबीच्या परिसरातनं कळसा नाला पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो, आणि म्हादई खाली जाऊन मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे एका गावाच्या शिवारातलं पावसाचं पाणी देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना जातंय. तुमच्या निपाणी-चिकोडीकडचं वेदगंगा-दूधगंगेचं पाणी पण कृष्णेतूनच पूर्वेला जातं. म्हणून मी म्हणतो पहिल्या सुट्टीत कणकुंबी ते पणजी करा, शेवटच्या सुट्टीत हंसलदीवी, मधले तुकडे आपोआप जुळत जातात.

आधी किनारा किती लांब तो एक मुद्दा. आपण शाळेत ७५१६ किमी पाठ केलेला, आता केंद्राच्या गृहखात्याच्या अहवालात आकडा ११०९८ किमी आहे. समुद्र वाढला नाही, मोजायची पट्टी बारीक झाली, आधी मोठमोठ्या टप्प्यांनी मोजलेलं, आता खाड्यांची वळणं, बेटं, नद्यांची मुखं सगळं धरून मोजलं. गुजरातचा तर १२१४ वरून २३४० झाला, जवळजवळ दुप्पट. आता यातनं काय कळतं बघा, वाढलेला बराचसा किनारा खाड्या-बेटांमधला आहे, जिथं टुरिस्ट फारसे जात नाहीत.

चोर्ला घाट उतरायच्या आधी अर्धा दिवस हलशीला द्या, खानापूर तालुक्यातलंच आहे, फार कमी लोक जातात. किनाऱ्याचा आणि घाटमाथ्याचा संबंध किती जुना आहे ते तिथं कळतं. गोव्याचे कदंब, ज्यांची राजधानी आधी चांदोरला आणि मग गोपकपट्टणला म्हणजे आजच्या गोंय व्हेल्याकडं, त्यांचं राज्य हलशीपर्यंत होतं, भूवराह नरसिंहाच्या देवळात १२व्या शतकातला त्यांचा शिलालेख आहे. कित्तूरजवळच्या देगांव्याचं कमलनारायणाचं देऊळ पण त्यांच्याच राणीनं, कमलादेवीनं बांधलेलं. खाली घाटाच्या पायथ्याला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, तेही त्याच काळातलं, काळ्या दगडाचं, आणि गोव्यात सगळीकडं जांभा असताना हा काळा दगड घाटावरनं नेला असं सांगतात. बंदराचं राज्य घाटाशिवाय चालत नव्हतं, माल घाटातनंच यायचा. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या लष्कराचं बंदर वेंगुर्ला होतं, राम घाटातनं आणि नंतर आंबोलीतनं वाहतूक चालायची, हिंडलग्यावरनं जाणाऱ्या रस्त्याला आजही आपण वेंगुर्ला रोडच म्हणतो की. त्याच वेंगुर्ल्यात १७व्या शतकात डचांची वखार होती, पडकी भिंत अजून उभी आहे.

आता खाली मांडवी. पणजीचा पूल आणि क्रूझ सोडून द्या, रायबंदरला जाऊन चोडणची फेरीबोट धरा. चोडण बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १७८ हेक्टर, सगळं खारफुटीचं. ओहोटीला तिथं चिखल उघडा पडला की कडेला नुसतं बसून राहा, बोलू नका. पाच-दहा मिनिटांत चिखलातनं खेकडे वर येतात, नराचा एकच डेंगा मोठा असतो, तो वर-खाली हलवत राहतो, आणि चिखलावर मासे चालताना दिसतात, हो मासेच, पुढच्या परांवर रेटा देत सरकतात, जरा सावली पडली की गडप. तिवराच्या झाडाखाली पेन्सिलीसारखी मुळं चिखलातनं वर आलेली असतात, ती श्वास घ्यायला, कारण चिखलात हवा नसते, आणि कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली येतात. पोरांना मी आधी काही सांगत नाही, दोन्ही झाडं शोधून काढा एवढंच सांगतो.

पण मांडवीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते खाजन. समुद्रसपाटीच्या खालची जमीन, खाडीला बांध घालून मिळवलेली, गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर आहे आणि ही पद्धत पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. बांधाला एका ठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी फळ्यांचे दरवाजे. त्याची रचना अशी की भरतीचं पाणी बाहेरनं आलं की त्याच्याच दाबानं दरवाजे बंद होतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. मोटर नाही, माणूस नाही. पावसाळ्यात आत कोरगूट नावाचं भात, खारं पाणी सोसणारं, आणि भात निघालं की तिथंच मासे-कोळंबी, मानसीजवळ मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो, त्या पैशातनं बांधाची डागडुजी व्हायची. हे सगळं गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामुदायिक संस्था, बघायची. आता बऱ्याच ठिकाणी बांध फुटलेत, कारण डागडुजी करणारी गावाची यंत्रणाच राहिली नाही, शेतात खारं पाणी शिरून खारफुटी उगवलीय. बाहेरच्या माणसाला ती हिरवीगार झाडी बघून छान वाटतं, पण ती कुणाची तरी बुडालेली शेती असते. किनाऱ्यावर नुसतं डोळ्यानं बघून भागत नाही, विचारायला लागतं ते याच्यासाठी.

आणि म्हादईच्या पाणीवाटपाचा कर्नाटक-गोव्यातला वाद आपल्याला घाटावरचा वाटतो, २०१८ ला लवादाचा निवाडा आला तरी संपलेला नाही. मी बाजू घेत बसत नाही, पण मांडवीच्या काठावर उभं राहून एक गोष्ट समजून घ्या, वरनं येणारं गोडं पाणी हेच भरतीच्या खाऱ्या पाण्याला मागं रेटत असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी कमी झालं की खारं पाणी आत आत चढतं. खानापूरच्या जंगलात काय होतंय त्याचा परिणाम चोडणच्या शेतावर होतो. हे दोन्हीकडच्या माणसांनी एकदा चालत बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी सुट्टी कारवारला द्या, आणि गोव्यातनं न जाता रामनगर-जोयडा-अणशी घाटानं उतरा. काळी नदी जोयड्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते, तिच्यावर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं, कद्र्याच्या काठाला कैगा अणुवीज प्रकल्प, आणि मग सदाशिवगडाशी समुद्र. कारवार म्हटलं की लोक टागोर बीच सांगतात, रवींद्रनाथ तरुणपणी इथं राहिले होते कारण त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ इथं न्यायाधीश होते, ठीक आहे, संध्याकाळी जाऊन या. पण मला सदाशिवगडावर उभं राहून काळीचं मुख बघणं जास्त आवडतं, समोर कूर्मगड बेट, लांब देवगड बेटावरचा दीपस्तंभ, दक्षिणेला अंजदीव बेट, जे गोव्यात मोडतं आणि आता नौदलाच्या ताब्यात आहे, तिथं जाता येत नाही. खाली जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोसळला, एक ट्रक पाण्यात गेला. इतिहासाची आवड असेल तर हे पण लक्षात ठेवा, १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज आरमार घेऊन मालवणहून बसरूरला गेले, परत येताना गोकर्णाला थांबले आणि मग अंकोला, कारवार असं आले, कारवारात तेव्हा इंग्रजांची वखार होती. महाराज स्वतः समुद्रावरनं गेले ती ही मोहीम, आणि हा सगळा मार्ग तुम्हाला सुट्टी-सुट्टीनं, खाडी-खाडीनं बघता येतो.

कारवारच्या पुढं मात्र घाई अजिबात करू नका. अंकोला, गोकर्ण, कुमटा हा पट्टा माझ्या मते पश्चिम किनाऱ्यावरचा सगळ्यात भरलेला पट्टा आहे. इथं अघनाशिनी नदी आहे, शिरसीकडनं येते, साधारण १२० किमी, आणि तिच्यावर एकही धरण नाही. काळी बघून आल्यावर अघनाशिनी बघितली की फरक डोळ्यात भरतो. २०२४ ला तिची खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली. तिच्या मुखाशी तदडीला जा, ओहोटीच्या वेळी. खाडीचा मधला भाग उघडा पडतो आणि गावंच्या गावं पाण्यात उतरतात, बायका जास्त, कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपडतात, शिंपल्याला पाय लागला की बुडी मारून हातानं काढतात आणि बांधलेल्या जाळीत किंवा तरंगत्या भांड्यात टाकतात. पाणी परत चढायला लागलं की होड्या काठाला लागतात, काठावरच माप होतं, व्यापारी उभेच असतात. बेळगावात आपण ज्या तिसऱ्या खातो त्या अशाच खाड्यांमधल्या. मान्सूनमध्ये खाडीत गोडं पाणी भरतं आणि हंगामात परत खारं, त्या चढ-उतारावरच हे शिंपले जगतात.

तिथंच वरच्या अंगाला गजनी जमिनी आहेत, गोव्याच्या खाजनाची सख्खी बहीण म्हणा, आणि त्यात कग्गा नावाचं भात. उंच वाढतं, पुराच्या पाण्यात उभं राहतं, खारं पाणी सोसतं, खत घालत नाहीत. कुमट्याजवळ माणिकट्टा गावात लोकांनी मिळून ही शेती टिकवलीय. आणि गोकर्णाला जाताना सानिकट्ट्याची मिठागरं, तिथलं मीठ जरा लालसर, जाडं, आपल्याकडं जुन्या बायका लोणच्याला अजून मुद्दाम मागतात. मिठाचा विषय निघालाच तर १९३० चा सत्याग्रह दांडीला झाला तसा अंकोल्याला पण झाला आणि तिकडं वेंगुर्ल्याच्या खाली शिरोड्याला पण. दोन्ही ठिकाणं आपल्यापासून काही तासांवर आहेत.

माणसांबद्दल. कारवार-अंकोल्याकडं खारवी, हरिकंत्र, गाबित, अंबिग हे मासेमारीतले आणि नावेवरचे समाज, कारवारात कोकणी चालते, पुढं कन्नड वाढत जाते. आपल्याला मराठी-कन्नड दोन्ही येतंय हा मोठा फायदा आहे, पुण्या-मुंबईच्या माणसाला हे दार उघडत नाही. अंकोल्याकडं हालक्की वक्कल समाज आहे, गळ्यात मण्यांच्या माळांचे थर घालणाऱ्या बायका बाजारात दिसतील. त्यांच्यातल्या सुक्री बोम्मगौडा गाण्यांसाठी आणि तुळसी गौडा झाडांसाठी, दोघींना पद्मश्री मिळाली, दोघीही आता नाहीत. मुद्दाम सांगतो, बाजारात उभं राहून न विचारता फोटो काढू नका. आधी भाजी घ्या, बोला, नाव सांगा, कुठनं आलो ते सांगा, बेळगाव म्हटलं की कुणाचा तरी पाहुणा इकडं निघतोच. मग विचारा.

मालवण-वेंगुर्ल्याचा तुकडा आंबोलीनं उतरून करा. सिंधुदुर्ग किल्ला तुम्ही बघणारच, २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. पण सकाळी रापण बघितल्याशिवाय मालवण सोडू नका. होडीतनं जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसांच्या रांगा, म्हातारे, पोरं, सगळे मागं मागं सरकत ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ येत जातात, पाण्यात पांढरी खळबळ दिसायला लागते, आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर येतं, तारली, बांगडा, मोदकं, लेपा, काय मिळेल ते. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, प्रत्येक रापणकराचा वाटा. तुम्ही दोराला हात लावला तर तुमच्या हातात पण चार मासे ठेवतात. ही सामुदायिक मासेमारी आता कमी होत चाललीय, त्याचं कारण रापणकरांना विचारा, ते सांगतील, खोल पाण्यात पर्ससीन जाळी, म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढून खालनं आवळायची मोठी जाळी, आणि रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी, किनाऱ्यापर्यंत मासा यायच्या आधीच उचलतात. महाराष्ट्रानं २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. माझं मत विचाराल तर किनाऱ्यापासून जवळचं पाणी हे पारंपरिक मच्छीमाराचंच राहायला पाहिजे आणि नियम आहेत तर पाळले गेले पाहिजेत.

आता भरती-ओहोटी, कारण याच्याशिवाय वरचं काहीच दिसणार नाही. भर ओहोटीला आलात तर खाडी दिसेल, भर भरतीला आलात तर नुसतं पाणी. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज साधारण ५० मिनिटं पुढं. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. हा मुंबईकडं नीट जुळतो, मालवण-कारवारकडं तास-पाऊण तास आधी धरा, आणि त्याच्या सहा तास पुढं-मागं ओहोटी. म्हणून मी नेहमी पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया पकडतो, तेव्हा उधाणाचं पाणी असतं म्हणजे ओहोटी पण खोल जाते, आणि ती सकाळी सातच्या आसपास पडते, दिवस उजाडलेला असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, तेव्हा किल्ले-देवळं बघा. फोनवर टाइड टेबल मिळतं, ते बघून पक्कं करा. चढ-उतार सगळीकडं सारखा नसतो हे पण ध्यानात ठेवा, गोव्याकडं उधाणाला दोनेक मीटर, मुंबईला चार-पाच, खंभातच्या आखातात दहाच्या वर, त्यामुळं गुजरातला जाल तेव्हा चिखलात लांबवर चालत जाऊ नका, तिथं पाणी भराभर चढतं.

सीझन सांगायचा तर पश्चिमेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, बंदरं ओस, पण घाट आणि नद्या बघायला तेच दिवस चांगले. कासवं बघायची असतील तर फेब्रुवारीनंतर, रत्नागिरीतलं वेळास लांब पडतं, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला पण ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, पिल्लं सोडायची वेळ तिथल्या गावकऱ्यांना विचारून जा, टॉर्च आणि फ्लॅश नको.

कर्नाटकात खाली उडुपीपर्यंत गेलात तर माल्पेहून बोटीनं सेंट मेरी बेटांवर जा. लाव्हा थंड होताना फुटून झालेले सहा-सात कोनांचे दगडी खांब, शेजारी-शेजारी उभे. हा लाव्हा साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून तुटला त्या वेळचा. आपल्या बेळगावचा काळा दगड त्याच्यानंतरचा, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, दख्खनच्या लाव्हाचा. केरळ, कन्याकुमारीचं नंतर सांगतो, तो मोठा विषय आहे.

पूर्व किनारा मात्र वेगळ्या डोळ्यानं बघायला लागतो. इकडं डोंगर समुद्राच्या जवळ, नद्या आखूड आणि उतार जोराचा, म्हणून खाड्या. तिकडं कृष्णा, गोदावरी शेकडो किलोमीटरचा गाळ आणून टाकतात, म्हणून सपाट त्रिभुज प्रदेश, समुद्र कुठं सुरू होतो ते पटकन कळतच नाही. हंसलदीवीला जायचं तर विजयवाड्यापर्यंत रेल्वे, पुढं अवनीगड्डा, आणि तिथनं. हा दिवीसीमेचा भाग, १९ नोव्हेंबर १९७७ ला इथं चक्रीवादळानं समुद्र आत आला आणि दहा हजारांवर माणसं गेली. जमीन इतकी सखल आहे की पाण्याला अडवायला काहीच नव्हतं, मधे खारफुटी किती महत्त्वाची ते तिथं कळतं. पूर्वेला ऑक्टोबर ते डिसेंबर जाऊ नका, वादळाचे दिवस, जानेवारी-फेब्रुवारी धरा, आणि तिकडं मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, आपल्यापेक्षा वेगळी.

गाडीत जास्त काही नको. चिखलात रुतणार नाहीत असे पट्ट्याचे सँडल, दुर्बीण असेल तर, पंचांग, आणि एक वही. वहीत प्रत्येक खाडीला दोन पानं द्या, ओहोटीची वेळ, कुठला मासा किती भावानं गेला, कोण काय म्हणालं. एका मुक्कामात एकच खाडी, दोन करायला जाऊ नका. पहिल्या फेरीची तारीख ठरली की मला इथंच कळवा, तिथी बघून चोडण आणि तदडीच्या ओहोटीच्या वेळा काढून देतो, आणि चौघांपैकी कुणाला कन्नड चांगलं येतंय तेही सांगा.